मदत हवी आहे : ‘कुरघोडी’ हा शब्द गौरवपर लेखनात चालेल का?

रावेर तालुक्यातील आमच्या गावच्या स्मरणिकेसाठी आलेल्या एका लेखात, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीने ‘बाजारपेठेत इतर केळीवर कुरघोडी केली’ असे वाक्य आहे आणि संपादनाचे काम माझ्याकडे असल्यामुळे ते ठेवावे की बदलावे, असा पेच पडला आहे. माझ्या समजुतीप्रमाणे कुरघोडीत केवळ पुढे जाणे नसून डाव टाकून प्रतिस्पर्ध्याला खाली दाबणे अभिप्रेत असते. म्हणूनच तो शब्द राजकीय बातम्यांत इतका शोभतो. केळीने कोणता डाव टाकला?

‘मात केली’ म्हणावे, तर त्यातही बुद्धिबळातला पराभव डोकावतो, शिवाय ‘संकटावर मात’ हा प्रयोग अधिक रूढ आहे. ‘सरशी झाली’ म्हटले की समोरासमोरचा सामना झाल्यासारखे वाटते. ‘इतर केळीपेक्षा वरचढ ठरली’ ही रचना मला सर्वांत निर्दोष वाटते, परंतु लेखक, जे निवृत्त शिक्षक आहेत, तिला मिळमिळीत म्हणतात.

कुरघोडीचा निखळ कौतुकाच्या अर्थाने केलेला वापर कोणाच्या वाचनात आला आहे का? अहिराणीत किंवा लेवा बोलीत अशा सरसपणासाठी एखादा ठसकेबाज शब्द असल्यास, वाक्यात वापरून कृपया कळवावा.