मदत हवी: पाऊस धो-धो पडला, तरी माळावरचं गवत का हटलं?

नमस्कार मंडळी,

बारामती आणि इंदापूरच्या मधे आमचा सहा एकर मुरमाड माळ आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न चालणारी जमीन), पण आमची पंचवीस मेंढरं त्याच्यावरच जगतात. दिवाळीला धनगरांचे वाडे (मेंढरांसह फिरते तळ) कोकणात उतरेपर्यंत भावकीतली मेंढरंही तिथंच असतात. पाऊस म्हणाल तर वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर.

यंदा, म्हणजे २०२५ ला, रोहिणी लागतानाच ढगफुटीसारखा पाऊस झाला. मान्सूनही २५ मेलाच राज्यात आला. आठवड्यात माळ पोपटी! आबा मात्र 'लई लवकर उगावलं' एवढंच म्हणाले. पुढं जूनच्या मध्यापर्यंत पावसानं दडी मारली आणि ते कोवळे कोंब उभ्या उभ्या वाळले. सप्टेंबरात पुन्हा कोसळला. उतारावरची माती गेली, सखलात आठ दिवस पाणी तुंबलं.

आता कुसळी आणि पवन्या या चाऱ्याच्या गवतांचे ठोंब विरळ झालेत, मधल्या उघड्या जागेत गाजर गवत. सखलात लव्हाळा. आणि जिथं तिथं हिवराच्या काटेरी झाडाची गुडघाभर रोपं, एवढी कधीच नव्हती. मेंढरांची खुरं सडली ती वेगळीच. दोन मेंढ्यांना निळी जीभ (विषाणूचा रोग) झाली, एक गेली.

हे पावसानं झालं की आमच्याच चराईनं? हिवर काढावा का? एक ओळखीचे सांगतायत, जेसीबीनं चर मारा आणि ग्लिरिसिडियाची झाडं लावा, माळ हिरवा होईल. आबांना पटत नाहीये आणि मला त्यांना काय सांगावं कळत नाहीये.

प्रतिसाद १ (गवतवेडा)

आबांचं ऐका. चर मारू नका.

एकूण पाऊस किती यापेक्षा तो कसा पडला हे गवताला जास्त कळतं. त्याची बहुतेक मुळं वरच्या वीतभर मातीत. थोडा थोडा, वरचेवर पडला तर तो थर ओला राहतो. एकदम कोसळला तर बरंच पाणी ओढ्याला जातं, आणि मग उघडीप लांबली की वरचा थर खडखडीत. अमेरिकेत कॅन्ससच्या कोन्झा प्रेअरी या गवताळ माळावर हाच प्रयोग केलाय: एकूण पाणी तेवढंच ठेवलं, फक्त दोन पावसांतलं अंतर दीडपट केलं. गवताची वाढ सुमारे १० टक्के घटली (हे २००२ मध्ये छापून आलं). गंमत म्हणजे तिकडच्याच कोरड्या भागातल्या बुटक्या गवताला मोजके मोठे पाऊस मानवले, कारण तिथं पाणी खोल मुरून टिकलं. तुमच्याकडं पाऊस कोरड्या भागाचा, पण माती टिचभर. गवताच्या मुळांपाशी पाणी टिकणार कुठं?

हिवराचं कोडंही यातच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात मोजके पण मोठे पाऊस पाडून पाहिले, तेव्हा झुडपं फोफावली आणि गवत मागं पडलं (२०१३). खोल गेलेलं पाणी खोल मुळांच्या वाट्याला येतं.

आणि हे एका सालाचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटानं २०१७ मध्ये दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावरच्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या. हवा एक अंश तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते.

चराई निर्दोष आहे असं मात्र नाही. वाळलेल्या कोंबांवर जूनमध्ये मेंढरं होती का?

धागाकर्ता

होती. दुसरं कुठं नेणार?

प्रतिसाद २ (वाडेकरी)

आमचंही तेच झालं. अनुभवाचं सांगतो. दोन एकर काटेरी कुंपण घालून बंद करा, पहिल्या पावसापासून कुसळं गळेपर्यंत. बाकी चार एकरावर आळीपाळीनं चारा. पवन्याचं बी शेजारच्या चांगल्या माळावरून दिवाळीच्या सुमारास ओरबाडून ठेवा आणि उघड्या जागेत टाका, जमीन नांगरू नका. उकरलेल्या मातीत गाजर गवत आधी घुसतं. ते फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून. नाहीतर अंगाला खाज सुटते.

हिवर आपलाच आहे, शेंगा मेंढरं आवडीनं खातात, लेंड्यांतून बी पसरतं. एकरी चार-पाच ठेवा, बाकी लहान असतानाच मुळासकट काढा. ग्लिरिसिडिया बांधावर ठीक, माळावर नको, सावलीत कुसळी-पवन्या टिकत नाही.

खुरांसाठी मेंढरांना मोरचुदाच्या पाण्यातून चालवा, पण ते पिऊ देऊ नका, मेंढीला तांबं सोसत नाही. निळी जीभ चिलटांसारख्या बारक्या माश्यांमुळं पसरते, ओल्या शेण-चिखलात त्यांची पैदास. मेंढरं कोंडायचा वाडगा उंचावर हलवा आणि लशीचं दवाखान्यात आत्ताच विचारून ठेवा.

धागाकर्ता

जेसीबीवाल्याला नाही म्हणून कळवलं. आबा म्हणतायत वरच्या बाजूचे दोन एकर बंद करू, तिथं पवन्या अजून तग धरून आहे. गवतवेडा, सखलातल्या लव्हाळ्याचं काय करायचं तेवढं राहिलं बघा.