सॅटर्न ५ च्या मॉडेलवर डेकल लावलं तर खाली चंदेरी डाग दिसतायत, काय करू?

बायू_सिटी:
नमस्कार मंडळी, ह्यूस्टनमधून लिहितोय. मी आणि माझा ११ वर्षांचा मुलगा गेले तीन महिने सॅटर्न ५ चं, म्हणजे माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या रॉकेटचं, उडणारं मॉडेल बनवतोय, १/१०० स्केलचं, म्हणजे मूळचं ३६३ फुटी रॉकेट इथे साधारण ११० सेंटिमीटरचं झालंय, उभं केलं की पोराच्या छातीपर्यंत येतं. पांढरा स्प्रे मारून झाला, मग मास्किंग टेप लावून काळे पट्टे केले, ते मॅट काळ्यात केले कारण इथल्या नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरला जे खरं सॅटर्न ५ आडवं ठेवलंय ते आम्ही दोनदा बघून आलो आणि त्याचा काळा आम्हाला काही चकाकणारा वाटला नाही. आता डेकल्सची, म्हणजे पातळ फिल्मवर छापलेल्या अक्षरं-चित्रांची पाळी. वॉटरस्लाइड आहेत, पाण्यात भिजवून सरकवायची ती. एक छोटं काळ्या भागावर ट्रायल म्हणून लावलं, ओलं होतं तोवर एकदम झकास दिसत होतं, सकाळी बघतो तर अक्षरांच्या आजूबाजूची पारदर्शक फिल्म चंदेरी-पांढरट झालेली, आरशावर वाफ धरल्यासारखी. पोरगं फार हिरमुसलंय. हे लावलेलं वाचेल का? आणि ती मोठी लाल यूएसए अक्षरं एकाखाली एक सरळ कशी लावायची, नळी गोल आहे, नजरेने अंदाज येत नाही. शीट एकच आहे म्हणून पुढे हात लावायला धजत नाहीये.

रंगारी:
पुण्याहून. मी रॉकेटवाला नाही, १/७२ ची प्लास्टिक विमानं करतो, पण डेकलचं शास्त्र तेच. तुमचं डेकल चांगलं आहे आणि लावलंयही नीट, दोष मॅट रंगाचा आहे. मॅट म्हणजे बारीक खरखरीत पृष्ठभाग, डेकलची फिल्म त्या खरखरीच्या टोकांवर टेकते, खालच्या खळग्यांत हवा अडकते आणि त्या हवेवर उजेड पडला की चंदेरी दिसतं. ओलं असताना त्या खळग्यांत पाणी असतं म्हणून तेव्हा झकास दिसतं! म्हणून आमच्याकडे नियम असा की आधी सगळ्यावर ग्लॉस क्लिअर (चकचकीत पारदर्शक थर), मग डेकल, मग परत क्लिअर, आणि मॅट हवं असेल तर ते सगळ्यात शेवटी मॅट क्लिअर मारून आणायचं. तुमचा मॅट काळा वाया गेलेला नाही, त्यावर ग्लॉस मारा आणि पुढे चला.

लावलेलं वाचवायला: अगदी बारीक सुईने चंदेरी भागात टोचे मारा, टोचे हं, ओरखडे नाही, आणि त्यावर ब्रशने मायक्रो सोलचा (डेकल मऊ करणारं द्रावण) थेंब सोडा, तो भोकांतून खाली शिरतो आणि फिल्म मऊ होऊन रंगाला चिकटते. एका फेरीत नाही होत, दोन-तीन लागतात, मध्ये पूर्ण वाळू द्या. मायक्रो सोल लावल्यावर डेकल सुरकुततं, बघून पोटात गोळा येईल, पण त्या वेळी बोट लावायचं नाही म्हणजे नाही. ते आपोआप सपाट बसतं. बोट लावलंत तर फाटलंच समजा.

खारी_बिस्किट:
लहानपणी बबलगमबरोबर पाण्याने उठवायचे टॅटू यायचे ना, मी पहिल्यांदा डेकल तसंच उलटं दाबून लावायला गेले आणि पूर्ण शीट घालवली, म्हणून सांगतेय, मुलाच्या हातात देणार असाल तर त्याला आधी दाखवा की इथे चित्र वरच राहतं आणि खालचा कागद सरकवून काढायचा. १५-२० सेकंद कोमट पाण्यात, मग बाहेर काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवायचं. पाण्यातच तरंगत ठेवलं तर गोंद धुऊन जातो.

तिसरा_टप्पा:
कोलोरॅडोमधून, उडवणाऱ्यांच्या बाजूने सांगतो. सरळ रेषेसाठी दाराच्या चौकटीचा कोपरा किंवा अॅल्युमिनियमचा अँगल घ्या, नळी त्या खाचेत आडवी ठेवली की अँगलची कड आपोआप नळीच्या अक्षाला समांतर असते. पण तिथे पेन्सिल ओढू नका, पांढऱ्यावरची पेन्सिल क्लिअरखाली कायमची राहते, त्या कडेने मास्किंग टेपची बारीक पट्टी लावा आणि अक्षरं त्या पट्टीला धरून बसवा. मुलाला हेही सांगा की ते काळे पट्टे शोभेचे नव्हते, रॉकेट स्वतःभोवती किती फिरतंय ते जमिनीवरच्या कॅमेऱ्यांना कळावं म्हणून होते. त्यामुळे अक्षरं त्या पट्ट्यांच्या तुलनेत कुठे येतात ते फोटो बघून ठरवा, दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी सॅटर्न ओळखणाऱ्याला लगेच दिसतं.

लावताना जागा आधी ओली करा, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब, म्हणजे डेकल हवं तसं सरकतं. मधून कडेकडे ओल्या ब्रशने पाणी काढत जा. ज्या डेकलचा भाग नळीभोवती गुंडाळलेल्या पन्हळीसारख्या प्लास्टिकच्या रॅपवर येतो तिथे मायक्रो सोलशिवाय गत्यंतर नाही, नाहीतर फिल्म उंचवट्यांवर तंबूसारखी ताणून राहते.

शेवटच्या क्लिअरला आळस करू नका. उड्डाणानंतर बारूदाची काजळी आणि गवताची माती ओल्या फडक्याने पुसावी लागते, वर क्लिअर नसेल तर दोन-तीन लाँचमध्ये कडा उठतात. आणि तुमच्या ह्यूस्टनच्या दमट हवेत क्लिअर मारला तर तो दुधाळ होतो, तेव्हा कोरडा दिवस बघा. पहिले दोन हात अगदी उडते, लांबून, एकदम ओला थर दिला तर काही क्लिअर डेकलची शाई खातात. आधी त्याच रंगाने रंगवलेल्या प्लास्टिकच्या चमच्यावर एक नको असलेलं डेकल लावून ट्राय करा.

बायू_सिटी:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय कारण मध्ये पाऊसच पाऊस होता आणि क्लिअरसाठी थांबलो. सुई आणि मायक्रो सोल तीन वेळा केलं, ९० टक्के चंदेरी गेलं, उरलेलं हातभर लांबून दिसत नाही. चमच्यावरची ट्रायल फार कामाला आली, आमच्याकडचा पहिला क्लिअर खरंच लाल शाई पसरवत होता, तो बाजूला ठेवून दुसरा आणला. यूएसए ची तिन्ही अक्षरं मुलाने स्वतः लावली, अँगल मी धरला होता. एका झेंड्याचा कोपरा सरकवताना तुटला पण तुकडा पाण्यात सापडला, ब्रशच्या टोकाने जागेवर नेऊन बसवला, सांधा शोधावा लागतो.

तिसरा_टप्पा, एकच विचारायचंय, शेवटचा हात सॅटिन (अर्धवट चमकीचा) मारू की मॅट?

तिसरा_टप्पा:
सॅटिन. पूर्ण मॅट लवकर मळतं आणि काजळी त्यात अडकते, पुसून निघत नाही. डेकल्सना २४ तास वाळू दे आणि मग मारा. मुलाला शाबासकी सांगा माझ्याकडून, झेंड्याचा तुकडा परत बसवणं सोपं काम नाही.