पदवी पूर्ण करावी, पण संकलनाचा सराव आजच सुरू करावा

ब्रह्मपुरी तालुक्यातील खेड्यातून बी.एस्सी. करत असताना, शिक्षण अर्धवट सोडून चित्रपट संकलनाकडे वळावे का, असे आपण विचारले आहे. पदवी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या तीन वर्षांच्या संकलन अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची पदवी लागते. ‘परिंदा’ या हिंदी चित्रपटासाठी १९८९ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या संकलक रेणू सलुजा याच संस्थेत घडल्या.

मात्र तोपर्यंत थांबण्याचे काहीच कारण नाही. दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती शिकण्यास पुरेशी आहे. जुना संगणक अडखळत असेल, तर मूळ चित्रणाच्या प्रॉक्सी फाइल, म्हणजे कमी दर्जाच्या हलक्या प्रती, तयार करून त्यांवर काम करावे आणि अंतिम फाइल काढताना मूळ चित्रण वापरावे.

सरावाच्या साहित्याची तर आपल्याकडे मुळीच वाण नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, रात्रभर नाटके रंगतात. नाट्यमंडळाची परवानगी घेऊन एखादा प्रवेश दोन मोबाइलवर, एक समोरून आणि एक बाजूने, चित्रित करावा व दोन्हींचा आवाज जुळवून घ्यावा. मग बोलणाऱ्याचा चेहरा नेमका कधी सोडायचा आणि ऐकणाऱ्याचा कधी दाखवायचा, एवढ्या एकाच प्रश्नावर कित्येक दिवस खर्च करावेत, कारण माझ्या मते संकलनाचा गाभा तिथेच आहे. तयार ट्रान्झिशनचा, म्हणजे एका दृश्यातून दुसऱ्यात नेणाऱ्या आयत्या इफेक्टचा, मोह या काळात कटाक्षाने टाळावा. तोच प्रवेश एकदा वेगाने व एकदा संथपणे जोडून, ते नाटक न पाहिलेल्या माणसाला दाखवावा आणि त्याचे लक्ष जिथे उडाले, ती जागा लिहून ठेवावी.