ओझोन मारणे, ओझोनीकरण की ओझोनवणे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका पाण्याच्या प्लँटचं लेबल मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. 20 लिटरच्या जारवर जेमतेम चार ओळी. तिसऱ्या ओळीत गाडी अडली. पाणी 'ओझोनाइज्ड' आहे, म्हणजे जंतू मारायला त्यातून ओझोन वायू सोडलाय, हे मराठीत कसं लिहायचं?

आधी तिथल्या ऑपरेटरलाच विचारलं. तो म्हणाला, "काका, आरओ झालं, यूव्ही झालं, की शेवटाला ओझोन मारायचा. त्यात काय एवढं?" आपल्याकडे उसाला औषध मारतात, रंग उजळायला गुळाला हायड्रॉस पावडर मारतात (मारू नये, ते वेगळं), विहिरीत मात्र टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात. ओझोन वायू असल्यामुळे टाकता येत नाही, तेव्हा 'मारणे' बरोबरच आहे. पण 'ओझोन मारलेले पाणी' असं जारवर छापलं तर गिऱ्हाईक जार घेण्याआधी दोनदा विचार करेल.

गंमत म्हणजे ओझोन हे नावच एका क्रियापदावरून आलंय. शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने 1840 च्या सुमारास बाझलला विजेच्या प्रयोगात येणाऱ्या उग्र वासावरून हे नाव दिलं. ग्रीक 'ओझेइन' म्हणजे वास येणे, आपल्या भाषेत वास मारणे. ऑपरेटरने न कळत मूळ गाठलं म्हणायचं!

छापील मराठीत 'ओझोनीकरण' चालतं. (नी दीर्घच, 'ओझोनिकरण' लिहू नका.) पण हा शब्द मला खटकतो. संस्कृतातला हा च्वि-प्रत्यय. जे मुळात तसं नाही ते तसं करणे, असा त्याचा अर्थ. अशुद्ध होतं ते शुद्ध केलं, ते शुद्धीकरण. या हिशेबाने ओझोनीकरण म्हणजे जे ओझोन नाही त्याचा ओझोन करणे. पाण्याचा ओझोन होत नाही! होतो तो ऑक्सिजनचा. यंत्रात उच्च दाबाच्या विजेतून ऑक्सिजन जातो, त्याचे दोन अणूंचे रेणू फुटतात आणि तीन अणूंचे जुळतात. जर्मन संशोधक वर्नर सीमेन्सने 1857 मध्ये अशी नळी बनवली, आजची यंत्रंही मूळ त्याच तत्त्वावर चालतात. यंत्रात घडतं त्याला ओझोनीकरण म्हणा, शब्द चपखल बसतो. पुढे तो वायू पाण्यातून बुडबुडवत जंतू मारणं ही निराळी क्रिया. इंग्रजी क्रियापद ही दोन्ही कामं करतं, म्हणून आपणही एकाच शब्दावर दोन्ही ओझी टाकली.

यावर कोणी म्हणेल, रेल्वेमार्गाचं विद्युतीकरण झालं म्हणून रूळ काही वीज झाले नाहीत. मान्य. रूढीपुढे व्याकरण गप्प बसतं. पण इथे दोन क्रिया एकाच खोलीत, एकामागोमाग घडतात. घोटाळा टाळता येत असेल तर का टाळू नये?

'ओझोनित' सुटसुटीत आहे, पण त्यातही एक मेख आहे. पुष्पित म्हणजे फुलं असलेलं, तसं ओझोनित म्हणजे ओझोन असलेलं. साध्या तापमानाला पाण्यातला निम्मा ओझोन साधारण 20 मिनिटांत विरतो, पाणी गरम असेल तर त्याहून लवकर. म्हणजे यंत्राशी जे पाणी ओझोनित असतं, ते टेम्पोतून राजारामपुरीत पोचेपर्यंत नुसतं पाणी झालेलं असतं. म्हणूनच शहराच्या पाणीपुरवठ्यात ओझोन वापरला तरी नळापर्यंत राखण करायला थोडा क्लोरीन लागतोच. 'ओझोनयुक्त' तर आणखी वाईट. त्यातून पाण्यात ओझोन भरून दिलाय असंच वाटतं.

माझं मत 'ओझोनवणे' या शब्दाला. नामधातू, म्हणजे नामावरून क्रियापद, करायची आपली जुनी खोड आहे. खार वरून खारवणे, वाफ वरून वाफवणे. हे एका मित्राला सांगितलं तर त्याने लगेच पकडलं, "खारवलेल्या कैरीत मीठ राहतं की." खरंय. तेव्हा दाखला वाफवण्याचाच घ्यावा. वाफ आपलं काम करते आणि निघून जाते, ओझोनचंही तसंच. 'ओझोनवलेले पाणी' म्हणजे ओझोन देऊन झालेलं पाणी, आता त्यात तो असो नसो.

हा मित्र इचलकरंजीचा, कापडातला. जीन्सचा रंग उतरवायला ओलसर कपड्यांवर ओझोन सोडतात, त्याला त्यांच्याकडे सरळ 'ओझोन वॉश' म्हणतात. आता यात वॉश कुठला! बंद यंत्रात वायू कोंडून कपड्यांना देतात, पाणी फारसं लागतच नाही. मला तर बाळंतिणीच्या खोलीतली धुरी आठवली. कापडाला 'ओझोनची धुरी देणे' म्हटलं तर काय बिघडलं? मित्र हसला. त्याचे कामगार म्हणे वॉशच म्हणणार.

ओझोन जास्त झाला तर नीळ उतरतेच, शिवाय धागाही कमजोर होतो. पाण्याच्या प्लँटमध्ये साध्या रबराचे वॉशर तडकतात तेही ओझोननेच. यासाठी मात्र कुणाला शब्द शोधावा लागला नाही. ऑपरेटरने भेगाळलेला वॉशर हातावर ठेवला आणि म्हणाला, "ह्यो बघा, ओझोननं खाल्ला."