मदत हवी आहे: कॅलगरीतल्या घराला एसी बसवायचा आहे, सहा हजार डॉलर ठीक आहेत का?

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅनडातल्या कॅलगरी शहराच्या वायव्य भागात राहतो. दुमजली घर, खाली बेसमेंट, वरचे दोन मजले मिळून १८०० चौरस फूट, २००४ चं बांधकाम. गॅसची फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) आहे, तिचे डक्ट, म्हणजे हवा नेणारे पाइप, सगळ्या खोल्यांत गेलेत, पण एसी नाही. वर्षातला निम्म्याहून जास्त काळ जिथे हीटिंग चालतं, तिथे घर घेताना एसीबद्दल कोण विचारतं? आता मात्र विचारायची वेळ आली आहे.

जूनमध्ये सासूबाई नाशिकहून येताहेत, सप्टेंबरपर्यंत राहतील. त्यांना दमा आहे. इथला उन्हाळा तसा सोसण्यासारखा. शहर हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे दिवसा पारा ३० ला टेकला तरी रात्री १२-१३ वर येतो, खिडक्या उघडल्या की तासाभरात घर गार. आजवर आम्ही हेच करत आलो. पण वणव्यांचा धूर आला की हा मार्गच बंद होतो. मे २०२३ मध्ये इथला हवेचा निर्देशांक दहाच्या वर, म्हणजे सगळ्यात धोक्याच्या पातळीवर गेला होता, ते इथल्या लोकांना आठवत असेल. बाहेर छान गार हवा आणि आपण खिडक्या लावून आत उकडतोय. वरच्या बेडरूममध्ये रात्री अकराला २९ डिग्री. दम्याच्या माणसाला अशा खोलीत कसं झोपवायचं? बेसमेंट गार असतं, पण त्यांच्या गुडघ्यांना तो जिना झेपणार नाही.

कोटेशनं मागवली, त्यांनी गोंधळ वाढलाच. फर्नेसला जोडायचा दोन टनाचा सेंट्रल एसी एक जण ५,२०० ला देतोय, दुसरा तेवढ्याच टनाचे ६,९०० सांगतोय, वर ५ टक्के जीएसटी. तिसऱ्याचं म्हणणं, एसी घेऊच नका, हीट पंप (उन्हाळ्यात एसीसारखा गार करणारा आणि हिवाळ्यात उलटा चालून घर गरम करणारा) घ्या, १४,००० मध्ये हिवाळ्याचंही काम होईल. नवरा म्हणतो, सातशे-आठशेचा पोर्टेबल आणू आणि आईच्या खोलीत ठेवू. सासूबाईंनी फोनवरच हिशोब केला: "एवढ्या पैशात नाशकात घरभर स्प्लिट बसतील आणि वर गच्चीवर पत्रा टाकून होईल. माझ्यासाठी नको हो एवढा खर्च." त्यांना वाटतंय त्यांच्यामुळे खर्च होतोय, तेच मला नकोय.

एवढ्या थोड्या दिवसांसाठी सेंट्रल एसी घ्यावा का? ५,२०० आणि ६,९०० मध्ये फरक नक्की कशाचा? आणि हीट पंप कॅलगरीच्या थंडीत चालतो का? ज्यांनी बसवलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद (एडमंटनहून)

ताई, हीट पंपाबद्दल आधी बोलतो, कारण मी त्यावर बराच खल केलाय. चालतो. थंड प्रदेशासाठी बनवलेली मॉडेलं उणे २५ पर्यंत उष्णता देतात. प्रश्न पैशांचा आहे. बरी हवा असताना तो एका युनिट विजेत तीन युनिटांची उष्णता देतो, पण कडाक्याच्या थंडीत तेच दोनच्या खाली येतं. आपल्या अल्बर्टा प्रांतात गॅस स्वस्त, वीज महाग, त्यात विजेच्या बिलावर डिलिव्हरीचे आकार वेगळे. म्हणजे ऐन जानेवारीत तुम्ही फर्नेसच लावणार. १३ जानेवारी २०२४ ची रात्र आठवा, सगळ्यांच्या फोनवर वीज कमी वापरा म्हणून इशारा आला होता. गॅसची फर्नेस तशीच ठेवून जोडीला हीट पंप असेल तर गोष्ट वेगळी. ऑक्टोबर आणि एप्रिल त्यावर निघतात. पण त्यासाठी आठ हजार जास्त मोजायचे असतील तर ते वसूल व्हायला खूप वर्षं जातील. कॅनडाच्या केंद्र सरकारचं ५,००० डॉलरपर्यंतचं अनुदान होतं तेव्हा गणित जुळायचं, ते २०२४ पासून नव्या अर्जांना बंद आहे. फर्नेस म्हातारी झाली असेल आणि बदलायचीच असेल तरच पुन्हा विचार करा.

प्रतिसाद (कॅलगरी, याच धंद्यात आहे)

दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवून काय काय धरलंय ते बघा. स्वस्त कोटेशनात बहुतेक वेळा इलेक्ट्रिकल परमिट नसतं, विजेच्या पॅनेलपासून नवी २४० व्होल्टची वायर ओढायचं काम "साइट बघून" असतं आणि फर्नेसवर बसणारी कॉइल (हवा गार करणारा भाग) बाहेरच्या युनिटच्या जोडीची आहे का, हे लिहिलेलं नसतं. परमिटशिवाय काम करू देऊ नका. घर विकताना आणि विम्याच्या वेळी ते अडतं. पॅनेल १०० अँपचं असेल आणि गाडीचा चार्जरही असेल, तर लोडचा हिशोब लेखी मागा. पॅनेल बदलायचं निघालं तर दोन-तीन हजार तिथेच वाढतात. एसीत गारवा देणारा गॅस कुठला तेही विचारा. आर-४१०ए आता मागे पडतोय, नव्या मशीनमध्ये आर-४५४बी किंवा आर-३२ येतो. जुना साठा स्वस्तात खपवत असतील तर निदान तुम्हाला ते माहीत असू द्या.

पण ताई, खरी गोम टनात नाही, हवेत आहे. तुमचे डक्ट हीटिंगसाठी आखलेत. गरम हवा आपोआप वर जाते, गार हवा जात नाही, ती ब्लोअरने ढकलावी लागते. सासूबाईंच्या खोलीतल्या जाळीवर फर्नेसचा फॅन चालू असताना टिश्यू पेपर धरून बघा. जेमतेम हलला तर दोन टन काय, तीन टन लावूनही ती खोली गार होणार नाही. बेसमेंटच्या जाळ्या उन्हाळ्यात बंद करा, डक्टवरचे डँपर (हवेच्या झडपा) वरच्या मजल्याकडे वळवा. जो माणूस हे न बघता नुसत्या चौरस फुटांवरून टन सांगतो, त्याला काम देऊ नका.

धुरासाठी फिल्टर मर्व्ह १३ चा (बारीक कण अडवणाऱ्या दर्जाचा) लागतो. मात्र एक इंची खाचेत तो घातला की हवा अडते आणि एसी चालू असताना हवा कमी पडली तर कॉइलवर बर्फ धरतो. चार इंची फिल्टरची पेटी याच कामात बसवून घ्या, नंतर वेगळं बोलावलं तर महाग पडेल. तुमच्या घरातल्या दम्याचा विचार केला तर मी म्हणेन एसीइतकीच ही पेटी महत्त्वाची.

प्रतिसाद (टोरांटोहून)

पोर्टेबल घेणारच असाल तर एका नळीचा घेऊ नका! तो खोलीतलीच हवा नळीवाटे बाहेर फेकतो, मग तेवढी हवा दारंखिडक्यांच्या फटींतून आत ओढली जाते. धुराच्या दिवसांत म्हणजे धूरच. दोन नळ्यांचा बाहेरची हवा घेऊन बाहेरच सोडतो. तरी कॉम्प्रेसर खोलीतच, आवाज रात्रभर. वयस्कर माणसाला झोप लागणं कठीण.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एका नळीचा मुद्दा वाचून नवऱ्याने पोर्टेबलचा विषय सोडला.

टिश्यू धरून बघितला. पुढच्या बेडरूममध्ये तो फडफडतो, मागच्या खोलीत नुसता कडेने थरथरतो, आणि सासूबाईंसाठी आम्ही नेमकी मागचीच खोली ठरवली होती. बेसमेंटच्या जाळ्या बंद केल्यावर थोडा फरक पडला, पण पुढच्या खोलीची सर नाही. त्यामुळे पुढची खोली त्यांना देतोय, आम्ही मागे जाऊ. पॅनेल १०० अँपचंच आहे, पण चार्जर नाही, त्यामुळे चालेल असं इलेक्ट्रिशियनने लिहून दिलं.

५,२०० वाल्याला परमिट, वायर आणि चार इंची पेटी धरून नवा आकडा विचारला, तो ६,३०० वर आला. ६,९०० वाल्याच्या कोटेशनात हे सगळं पहिल्यापासून होतं, शिवाय त्याने प्रत्येक खोलीत जाऊन हवा मोजली होती. त्यालाच काम द्यायचं ठरतंय. दोन टनाचा एसी तासाला साधारण दोन युनिट खातो. धुराच्या आणि उकाड्याच्या दिवसांपुरता चालवला तर बिल झेपेल.

आता एकच अडलंय. बाहेरचं युनिट मागच्या अंगणात ठेवलं तर गारांचा मार बसेल (५ ऑगस्ट २०२४ च्या गारपिटीत आमच्या ओळखीच्यांच्या युनिटच्या पात्या पार चेपल्या होत्या). बाजूच्या बोळात ठेवलं तर आडोसा आहे, पण शेजाऱ्यांच्या बेडरूमची खिडकी बरोबर समोर. कुणी गारांसाठी जाळीचं कव्हर बसवलंय का? त्याने हवा अडते का? बुधवारपर्यंत जागा सांगायची आहे.

प्रतिसाद (कॅलगरी, याच धंद्यात आहे)

मागेच ठेवा, भिंतीपासून फूटभर अंतर सोडून. चारही बाजूंनी गारांची जाळी कंपनीचीच घ्या, तिची भोकं मोठी असतात, हवा अडत नाही. हिवाळ्यात युनिट प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत ओल धरते आणि उंदीर वायर कुरतडतात. वरून फक्त फळी ठेवा आणि ब्रेकर बंद करा. मेमध्ये फळी काढल्याशिवाय ब्रेकर चालू करायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.