परसातल्या वीस-पंचवीस कोंबड्यांसाठी कोणती जात? वनराज, ग्रामप्रिया, कडकनाथ की गावरानच?

परसबाग_दारव्हा

नमस्कार. दारव्हा तालुक्यात (जि. यवतमाळ) घरामागे ४० बाय ३० फूट मोकळी जागा आहे. एका बाजूला ८ बाय ६ फुटांची टिनाची छपरी, कुंपणापलीकडे आमचीच कपाशी आणि तूर. घरी रोज अंडी पाहिजेत, उरलेली गावात विकू. नर मोठे झाले की कापायला किंवा बाजारात. दिवसभर मोकळ्या सोडायच्या, रात्री कोंडायच्या. कोणती जात घ्यावी? दोन-तीन जाती एकत्र चालतात का? कडकनाथचं सगळे सांगतात, ते किती खरं? मुंगूस आणि घार दोन्हींचा त्रास आहे.

वऱ्हाडी_कुक्कुट

ताई, जातीच्या आधी संख्येचा हिशेब करा. हॅचरीतली एक दिवसाची पिल्लं नर-मादी न निवडता देतात. २० आणली तर माद्या नऊ-दहाच निघतात, त्यातल्या एक-दोन लहानपणीच जातात. अंड्यावरच्या १२ माद्या हव्या असतील तर २८ पिल्लं धरा. मोठ्या पक्ष्याला रात्री २ चौरस फूट जागा लागते, म्हणजे तुमच्या छपरीत २४ पक्षी मावतात. नर साडेतीन-चार महिन्यांत काढले की अडचण नाही.

घरची अंडी हाच पहिला हेतू असेल तर ग्रामप्रिया. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेली जात आहे. परसात वर्षाला १६० ते १८० अंडी देते, साडेपाच महिन्यांच्या आसपास सुरुवात करते, अंडं तपकिरी आणि गावरानपेक्षा चांगलं मोठं. वनराज त्याच संस्थेची, पण ती अंडी आणि मांस दोन्हींसाठी. अंडी १०० ते ११०, नर १२ आठवड्यांत सव्वा ते दीड किलो.

वनराजबद्दलच्या बहुतेक तक्रारी खाऊ घालण्यातून येतात. दिवसभर चरणाऱ्या मादीला संध्याकाळी ३०-४० ग्रॅम दाणे पुरे. पोटभर कणी टाकली की पोटात चरबीचा थर धरते, अंडी तुटक येतात. मग अंडं टाकताना आतला भाग बाहेर येतो, लाल दिसला की बाकीच्या कोंबड्या तिथंच टोचतात आणि सकाळपर्यंत ती मेलेली सापडते. दोष जातीवर जातो.

गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची, तीही वजनदार आणि दुहेरी कामाची. ऱ्होड आयलंड रेड अंडी भरपूर देते, पण तिला संतुलित खाद्य रोज लागते. नुसत्या चरण्यावर आणि कणीवर ठेवली तर पैसे वसूल होत नाहीत.

पिल्लं पोळ्याच्या सुमारास आणा. ग्रामप्रिया मग फेब्रुवारीत अंड्यावर येते आणि मे महिन्याच्या आधी अंगाने भरून असते. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश, नंतर दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. पिल्लामागे २ वॅट धरा, २८ पिल्लांना ६० वॅटचा तारेचा जुना बल्ब. एलईडी चालत नाही, ऊब देत नाही. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा: बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी आहे, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोच उघडून बसली तर वर घ्या. सगळीकडे पसरून खात असतील तर बरोबर. लाइट गेली तर मडक्यात निखारे ठेवा, पण खोली बंद करू नका, धुराने पिल्लं गुदमरतात.

धानपट्टा_भंडारा

वरच्या आकड्यांबद्दल वाद नाही, पण नुसती ग्रामप्रिया ठेवू नका. ग्रामप्रिया आणि वनराज खुडूक बसत नाहीत. अंडी देतात, उबवत नाहीत. म्हणजे दीड-दोन वर्षांनी अंडी कमी झाली की पुन्हा हॅचरीकडे जावं लागते. शिवाय या जाती संकरातून तयार केलेल्या आहेत. वनराजच्या नर-मादीपासून घरी काढलेली पिल्लं आईबापासारखी निघत नाहीत, एक मोठं, एक बारकं, अंड्यांचाही भरवसा नाही.

म्हणून १२ मध्ये ३ माद्या चांगल्या गावरान ठेवा. गावरान वर्षाला ५०-६० अंडी देते, तीही लहान, पण खुडूक बसली की २१ दिवस हलत नाही आणि घार दिसली की पिल्लं पंखाखाली घेते. हे काम कोणती सुधारित कोंबडी करत नाही. एका गावरान कोंबडीखाली १० ते १२ अंडी ठेवा. ग्रामप्रियाची अंडी मोठी असतात, ती ९-१०च ठेवा. जास्त ठेवली तर कडेची थंड पडतात. सातव्या दिवशी रात्री टॉर्चवर धरून बघा, आत लाल जाळं दिसलं नाही तर ते काढून टाका. उन्हाळ्यात मात्र खुडूक बसवू नका, मे महिन्यात अंडी ठेवल्या जागीच खराब होतात.

नर एकच ठेवायचा तर गावरान, ८-१० माद्यांना पुरतो. गावरान नर आणि ग्रामप्रिया मादी यांची पिल्लं चपळ निघतात, अंडी गावरानपेक्षा जास्त. जाती एकत्र चालतात, फक्त लहान-मोठे एकत्र सोडू नका. दोन महिन्यांचं पिल्लू मोठ्या कळपात टाकलं तर त्याला खाद्यापर्यंत पोचू देत नाहीत.

असील घेऊ नका. तगडा आहे, पण दोन नर एका परसात राहत नाहीत आणि अंडी फार कमी.

ब्रह्मपुरीचं_ऊन

उन्हाबद्दल कोणी लिहिलं नाही आणि आपल्याकडे कळप तिथंच संपतो. ४५ अंशांत वजनदार कोंबडी आधी मरते. वनराज, गिरिराजचे जड नर दुपारी छपरीत पडतात तेव्हा गावरान झाडाच्या सावलीत माती उकरून बसलेली असते. कोंबडीला घाम येत नाही, ती फक्त धापा टाकून अंग थंड करते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, कवच धरायला रक्तात जे लागते ते कमी पडते, म्हणून एप्रिल-मेमध्ये अंडी पातळ कवचाची येतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्या कोंबडीला लागेल ती खाते.

टिनावर पऱ्हाटी (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) किंवा तुराटीचा अर्धा फुटाचा थर द्या, त्याखाली टिनाला चुना मारा. दाणे पहाटे आणि सूर्य उतरल्यावरच. खाल्लेलं पचवताना अंगात उष्णता तयार होते, दुपारी खाऊ घातलेली कोंबडीच आधी पडते. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दिवसातून तीनदा बदला. ओलं पोतं लावायचं तर वारा येईल अशा बाजूला. बंद छपरीत ओली पोती लावली तर दमट होऊन उलट त्रास.

कडकनाथचं सांगतो. झाबुआ भागातली जात, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ऊन सोसते, रोगाला टणक आहे. पण अंडी ८० ते १००च, लहान, आणि खुडूकही नीट बसत नाही. काळं मांस खेड्यात सगळे घेत नाहीत. अंडं महाग विकते ते शहरात ओळखीचं गिऱ्हाईक असेल तरच. आधी गिऱ्हाईक पक्कं करा, मग पिल्लं घ्या. कोणी पिल्लं विकून पक्षी परत घेण्याची हमी देत असेल तर त्या हमीवर पैसे गुंतवू नका.

परसबाग_दारव्हा

खूप आभार. म्हणजे ग्रामप्रिया आणि तीन गावरान. दोन गोष्टी अजून: घरी सरकीची ढेप असते, ती चालेल का? आणि लसी कोणत्या, २८ पिल्लांसाठी लस मिळते का?

वऱ्हाडी_कुक्कुट

ढेप गाईम्हशींनाच ठेवा. सरकीत गॉसिपॉल असतं, त्याने अंड्याचा बलक ठेवल्यावर हिरवट-मळकट होतो, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. त्याऐवजी ज्वारी, मका, कणी आणि तुरीची चुनी द्या. पिल्लांना पहिले ६ आठवडे मात्र तयार स्टार्टर खाद्यच द्या, २८ पिल्लांना साधारण ४० किलो लागते. कपाशी शेजारी आहे म्हणून एक सावधगिरी: पेरणीच्या दिवसांत औषध लावलेलं रंगीत बियाणं बांधावर सांडलं तर कोंबडी वेचते आणि त्याच दिवशी मरते. फवारणीनंतर काही दिवस कोंबड्या शेतात सोडू नका, मेलेल्या अळ्याही विषारी असतात.

लस: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस), डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा. सहा-सात आठवड्यांत देवीची, आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी (मानमोडीचीच पुढची लस) टोचून. मानमोडीला औषध नाही, ही लस चुकली तर कळप जातो. मरेक्सची (पायांना लकवा आणणाऱ्या रोगाची) लस हॅचरीतच पहिल्या दिवशी देतात, घेताना विचारा. कुपी शंभर मात्रांची किंवा त्याहून मोठी येते, म्हणून शेजारच्या तीन-चार घरांनी एकाच दिवशी लावा. थर्मासमध्ये बर्फ टाकून आणा, मिसळल्यावर दोन तासांत संपवा, उरलेली उद्यासाठी ठेवू नका.

धानपट्टा_भंडारा

मुंगसासाठी छपरीची जाळी अर्ध्या इंचाची घ्या आणि एक फूट जमिनीत पुरा, नाहीतर ते खालून उकरून येते. घारीसाठी परसाच्या मधोमध तुराटीचे दोन-तीन आडोसे उभे करा, कोंबड्या पळून त्याखाली शिरतात. पिल्लं सहा आठवड्यांची होईपर्यंत बाहेर सोडूच नका, आणि खाली अंथरलेली भुशी ओली झाली की त्याच दिवशी बदला, पावसाळ्यात रक्ताची हगवण तिथूनच सुरू होते.