जागेवरून उभं उठलं की झालं का हॅरियर?

गिरगावचा पतंग
गेले काही दिवस जो तो डीसीएस या विमान उडवायच्या कॉम्प्युटर गेममधल्या हॅरियरचे, म्हणजे जागेवरून उभं उठू शकणाऱ्या लढाऊ विमानाचे, व्हिडिओ टाकतोय. सगळ्यांत एकच दृश्य: विमान जागेवरून सरळ वर, एक गिरकी, खाली वाहवा. माझ्या मते ही लिफ्ट झाली, विमान नव्हे. हिशोब बघा. गेममधलं हॅरियर म्हणजे एव्ही-८बी, रिकामं सुमारे १४,००० पौंड. पोटातल्या टाक्या भरल्या की वर आणखी साडेसात हजार. उभ्या उड्डाणाची मर्यादा २०,७५०च्या आसपास. म्हणजे बॉम्ब राहू द्या, नुसत्या टाक्या काठोकाठ भरल्या तरी ते जागचं उठत नाही. तेच थोडं धावून उठलं तर ३१,००० पौंड घेऊन जातं. आपल्या नौदलाच्या विराट या विमानवाहू जहाजाच्या नाकाशी स्की-जंप, म्हणजे धावत्या विमानाला वर फेकणारा चढ, होता तो काय शोभेला? नव्यांनी आधी छोट्या धावेचं उड्डाण शिकावं. आणि नोझलसाठी, म्हणजे इंजिनाचा झोत मागे किंवा खाली वळवणाऱ्या तोंडांसाठी, वेगळा लिव्हर हवाच. कीबोर्डवर नोझल फिरवणं म्हणजे चमच्याने पुरणपोळी लाटणं.

मुलुंडची मैना
पतंगराव, मी सीएसएमटीहून ठाणे स्लोमध्ये उभ्याने घरी येते. रात्री दहानंतर पाऊण तास माझा. त्यात मला उभ्यानेच वर जायचं असेल तर तुमचं काय जातं? टाकी अर्धी भरते, पंखांखालचं सगळं काढून टाकते. बसलं ना तुमच्या हिशोबात? लिव्हरचं म्हणाल तर टेबलाच्या एका बाजूला लेकीचे रंग, दुसऱ्या बाजूला सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा. मध्ये जॉयस्टिक मावते तीच देवाची कृपा.

पंख्यावाला
दोघंही जुन्या विमानावरून भांडताय. एफ-३५बी या नव्या, उभं उतरणाऱ्या विमानात पायलटच्या पाठीमागे आडवा पंखा आहे, मागचं नोझल खाली वळतं, बाकी कॉम्प्युटर बघतो. काडी, म्हणजे जॉयस्टिक, सोडली तरी विमान हवेत जागच्या जागी. हॅरियरसारखं एका हाताने थ्रॉटल आणि नोझल दोन्ही सांभाळायचं, हे आता हौसेपुरतंच.

गिरगावचा पतंग
@पंख्यावाला काडी सोडून बघत बसायचं तर मी गच्चीवर घारी बघेन, फुकट आहेत.

जुना नाविक
विराटवर होतो. उडवत नव्हतो, इंजिनाच्या बाजूला होतो, त्यामुळे पायलटच्या वतीने बोलत नाही. पण पतंगराव, तुम्ही अर्धंच सांगितलंत. जहाजावरून उठताना धाव, हे बरोबर. उतरायचं मात्र उभंच. हॅरियरला शेपटीखाली हुक नसतो, डेकवरच्या तारेत अडकून थांबायची सोयच नाही. म्हणजे ज्याला तुम्ही लिफ्ट म्हणता तीच परतीची वाट. शिवाय गरम हवेत इंजिनाचा जोर उतरतो. उरलेलं इंधन आणि न टाकलेली शस्त्रं धरून वजन बसतंय का, हे उतरण्याआधी बघावं लागतं.

आणखी एक. काचेच्या पुढे नाकावर वाऱ्याबरोबर फिरणारी एक लहानशी पट्टी असते. नवी मुलं सिममध्ये तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. पूर्ण थांबायच्या आधी, साधारण ३० ते ९० नॉट्सच्या मधे, नाक वाऱ्यात नसेल तर बाजूचा वारा एक पंख उचलतो आणि विमान उलटं व्हायला वेळ लागत नाही. ती पट्टी सरळ ठेवायची, पायाने. मे २०१६मध्ये गोव्याला हंसा तळावर सी हॅरियरना निरोप दिला, तेव्हा मी घरी टीव्हीसमोर होतो. जाऊ दे.

मुलुंडची मैना
काका, ती पट्टी मी धूळ समजत होते, खरंच! काल रात्री तुमचं वाचून गेममधल्या तारावा या जहाजावर उतरायला गेले. जहाजाच्या डाव्या अंगाला आले, नोझल ८२ अंशांवर आणले, पट्टी सरळ, सगळं मस्त. डेकवर सरकले आणि विमान खाली बसायला लागलं. इंधन बघते तर बरंच शिल्लक. इंजिनात पाणी सोडून जोर वाढवणारं बटण दाबलं, दीड मिनिटाचा जीव मिळाला, तो घाबरण्यात गेला. चाक काठावर टेकलं आणि विमान समुद्रात. सासूबाई आतून, "काय पडलं गं?"

पंख्यावाला
एफ-३५मध्ये हे झालं नसतं.

मुलुंडची मैना
मग सासूबाईंना सांगायला काय राहिलं असतं?

गिरगावचा पतंग
काका, उतरण्याबद्दलचं मान्य. आधी छोट्या धावेचं उड्डाण शिकावं, हे मी मागे घेतो आणि पुन्हा लिहितो: आधी उभं उतरणं शिकावं. उभं *उठून* मिरवण्याबद्दलचं मत तेच आहे. पण मैनाताई, तुमचं विमान बुडालं ते थोडं लिव्हर नसल्यामुळेही असेल. बटणाने नोझल टप्प्याटप्प्याने फिरतं, हाताला कळत नाही कुठे आहे. मी लॅमिंग्टन रोडवरून १० केचा पोटेन्शिओमीटर (रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा फिरणारा भाग) आणि तो कॉम्प्युटरला जोडणारा एक छोटा बोर्ड आणला, वर लाकडी पट्टी बसवली आणि ८२च्या जागी कानशीने खाच पाडली. विमान तरंगताना नाक थोडं वर असतं, म्हणून ८२लाच झोत सरळ खाली जातो. खाचेत पट्टी अडकली की डोळे बाहेरच ठेवता येतात. सगळं मिळून वीतभर जागा.

मुलुंडची मैना
वीतभर म्हणजे गोळ्यांच्या डब्याएवढी. टेबलाला भोक पाडावं लागेल का? टेबल घरमालकांचं आहे.

गिरगावचा पतंग
नाही, क्लॅम्प लावा. खाली रबराचा तुकडा घाला, नाहीतर वळ उमटतो.